सेटिंग साध्या फाईलमध्ये ठेवू की एसक्यूलाइटमध्ये? (पहाटेच्या फोनांना वैतागलोय)

जांबोटीकर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी एकट्यानं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय, पायथनमध्ये. सध्या १४ केंद्रांवर चालतंय. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काटा वजन देतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) देतं, प्रोग्राम दर काढतो आणि चिठ्ठी छापतो. दुधाच्या नोंदी पहिल्यापासून एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे एकाच फाईलीत मावणाऱ्या बिनसर्व्हरच्या डेटाबेसात, आहेत आणि त्यांनी आजवर एकदाही रडवलेलं नाही.

रडवलं ते सेटिंगनं. ती सगळी एका जेसन फाईलमध्ये (नोटपॅडमध्ये वाचता येणारी साधी फाईल) आहे: काट्याचा कॉम पोर्ट (संगणकाला वायर लागते त्या जागेचा नंबर), फॅट मशीनचा पोर्ट आणि बॉड रेट (माहिती येण्याचा वेग), प्रिंटरचं नाव, चिठ्ठीची भाषा, केंद्राचा कोड, कमिशन, दरपत्रक.

गेल्या आठवड्यातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. एका केंद्रावर सेक्रेटरी नवा दर घालून 'सेव्ह' दाबूलालते, तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस आहे, पण तो फक्त शिट्टी मारतो. लाईट आली तेव्हा फाईल शून्य बाईटची! पहाटे साडेपाचला फोन: "सगळं पुसलंय वो. काटाच दिसंना. लोकं कॅन घेऊन उभारल्यात." रेनकोट चढवून १८ किलोमीटर गेलो. तोवर त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलेलं, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघूलालते की वहीच बरी होती.

तर प्रश्न असा. ही सेटिंग एसक्यूलाइटमध्ये हलवू काय? हलवायची तर दुधाच्याच फाईलीत एक टेबल करू की वेगळी फाईल? की वीस ओळींसाठी डेटाबेस म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला?

कुंदा_कमिटी | सोमवार, रात्री ९.५२

पहिला उपाय, यूपीएसची बॅटरी बदला. दुसरा उपाय, सेक्रेटरी बदला.

जांबोटीकर | सोमवार, रात्री ९.५५

बॅटरीला ठराव लागतो, सेक्रेटरीला निवडणूक. कोड बदलणं स्वस्त आहे.

उद्यमबाग_लेथ | सोमवार, रात्री १०.२०

फाउंड्रीवाल्यांसाठी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, म्हणून जरा मोठ्या आवाजात बोलतो. दोष जेसनचा नाही, तुझ्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. तू फाईल 'डब्ल्यू', म्हणजे लिहिण्याच्या, मोडमध्ये उघडतोस. उघडल्या क्षणी जुना मजकूर कापला जातो, शून्य बाईट होतात, आणि मग तू नवं लिहायला बसतोस. त्या मधल्या फटीत लाईट गेली की जुनं गेलं आणि नवं आलंच नाही.

त्याला औषध चार ओळींचं आहे. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची दुसरी फाईल कर. त्यात सगळं लिही, फ्लश कर, एफसिंक कर, म्हणजे मजकूर खरंच डिस्कवर जाईल. मग पायथनचं ओएस डॉट रिप्लेस वापरून ती जुन्या फाईलीच्या नावावर बसव. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे एकतर जुनी पूर्ण फाईल मिळते किंवा नवी पूर्ण. दुसऱ्या ड्राइव्हवर तात्पुरती फाईल करू नकोस, तिथून बदल एका झटक्यात होत नाही.

आणि साध्या फाईलीचा मोठा फायदा तू विसरूलायस. फोनवर सांगता येतं: "नोटपॅड उघडा, तिसऱ्या ओळीत कॉम ३ आहे ते कॉम ४ करा." डेटाबेस फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिले दोन-तीन शब्द तेवढे वाचता येतात, पुढं सगळी रांगोळी. मग रेनकोट चढव परत.

चिकोडी_चावडी | सोमवार, रात्री १०.४१

लेथकाका, चार ओळी बरोबर आहेत, पण त्या चार ओळी लिहायला चुकणारे चारशे आहेत. एफसिंक विसरतात, किंवा दोन खिडक्यांतून एकाच वेळी सेव्ह होतं आणि दुसरा पहिल्याचं पुसतो. एसक्यूलाइटनं हेच काम आधीच करून ठेवलंय. बदल करण्याआधी जुनी पानं जर्नल फाईलीत उतरवून ठेवतं. मध्येच लाईट गेली तर पुढच्या वेळी उघडताना ते जर्नल बघतं आणि अर्धवट काम मागं फिरवतं. जांबोटीकरांच्या दुधाच्या नोंदी त्याच लाईटीत, त्याच यूपीएसवर वाचल्यात की. एकाच खोलीतली एक फाईल मेली आणि दुसरी जगली, याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

एसक्यूलाइट बनवणाऱ्यांचंही म्हणणं असंच आहे, की आमची स्पर्धा मोठ्या सर्व्हरवाल्या डेटाबेसशी नाही, एफओपनशी, साधी फाईल उघडायच्या आज्ञेशी आहे. म्हणजे तुझ्या त्या जेसन फाईलीशीच.

गोकाक_करदंट | सोमवार, रात्री १०.४८

आणि ते मुळात तयार झालं २००० साली, अमेरिकेच्या नौदलाच्या युद्धनौकेवरच्या कामासाठी. रिचर्ड हिप्प नावाच्या माणसानं लिहिलं. कारण काय, तर डेटाबेस सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्राम अडायचा, आणि शिव्या प्रोग्रामवाल्याला. म्हणून सर्व्हरच नको म्हणाला. जांबोटीकर, तुमचं आणि त्याचं दुःख एकच आहे बघा. फक्त त्याला पहाटे म्हशी नव्हत्या.

कॅम्पातले_काका | सोमवार, रात्री ११.१५

पोरांनो, तुम्हाला हे नवीन वाटूलालंय म्हणून हसू येतंय. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आम्ही सेटिंग दोन तऱ्हांनी ठेवत होतो. एक, मेमरी व्हेरिएबल सरळ 'सेव्ह टू' करून मेम फाईलीत ओतायची आणि सुरुवातीला 'रिस्टोअर फ्रॉम' करायचं. दुसरी, एक रेकॉर्डवाली डीबीएफ, म्हणजे टेबलाची फाईल. आणि फॉक्सप्रो स्वतःची सेटिंग, म्हणजे खिडक्या कुठं होत्या, रंग कुठले, हे 'फॉक्सयूजर' नावाच्या डीबीएफ टेबलातच ठेवत होतं. छोट्या फाईलवाल्या डेटाबेसात सेटिंग ठेवायची, ही कल्पना आमच्या वेळची आहे.

आता त्या फॉक्सयूजरचं काय व्हायचं तेही सांगतो. बिघडायचं. प्रोग्राम विचित्र वागायला लागला की पहिला उपाय ठरलेला: फॉक्सयूजरच्या दोन्ही फाईली उडव, परत चालू कर. ती आपोआप नवी व्हायची. गिऱ्हाइकाला वाटायचं काका जादूगार आहेत.

म्हणून माझा सल्ला. सेटिंग कुठंही ठेव, पण ती फाईल उडवली तरी प्रोग्राम उघडला पाहिजे. नसेल तर बऱ्यापैकी मूळ किमती घेऊन उघड आणि "काटा कुठला?" एवढं विचार. शून्य बाईटची फाईल बघून तुझा प्रोग्राम मेला, चूक तीच.

जांबोटीकर | सोमवार, रात्री ११.२२

काका, हे लागलं. फाईल वाचता आली नाही तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं.

तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ८.०५

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये हेच करूलालोय. टेबल कसं करायचं? नाव आणि किंमत असे दोन कॉलम आणि प्रत्येक सेटिंगला एक ओळ? की एकच ओळ आणि प्रत्येक सेटिंगला एक कॉलम? आमचे सर म्हणाले पहिली पद्धत "चुकीची" आहे, पण का ते सांगितलं नाही.

निपाणी_ते_हिंजवडी | मंगळवार, सकाळी ९.३०

बसमध्ये आहे, वाकडच्या सिग्नलला वेळच वेळ, म्हणून सविस्तर लिहिते.

एका ओळीची पद्धत म्हणजे प्रत्येक कॉलमला स्वतःचा प्रकार मिळतो, कमिशन आकडा आहे हे टेबललाच माहीत असतं. पण नवी सेटिंग आली की टेबल बदलायचं, आणि १४ केंद्रांवर १४ आवृत्त्या असतात. त्यासाठी प्राग्मा यूजर व्हर्जन वापर. डेटाबेस फाईलीच्या माथ्यावर तुझ्यासाठी राखलेला एक आकडा असतो, एसक्यूलाइट त्याला हात लावत नाही. उघडताना तो वाचायचा, २ असेल तर ३ चा बदल करायचा, मग ३ चा ४.

दोन कॉलमवाल्या पद्धतीत नवी सेटिंग म्हणजे फक्त नवी ओळ. सोपं. वीस सेटिंगला मी हीच वापरते, सरांनी काहीही म्हणू दे. पण यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी स्वतः पडलेय.

पहिला खड्डा. किंमतीच्या कॉलमचा प्रकार मी 'स्ट्रिंग' लिहिला होता. एसक्यूलाइट तक्रार करत नाही, काहीही लिहा. पण त्याच्या नियमात अक्षरांसाठी 'टेक्स्ट', 'कॅर' किंवा 'क्लॉब' यातला एखादा तुकडा नावात असावा लागतो. 'स्ट्रिंग' त्यात बसत नाही, म्हणून त्यानं तो कॉलम आकड्यांचा धरला. शाखेचा कोड '००७' घातला, बाहेर आला ७. दोन दिवस मी जेम्स बाँड शोधत होते. 'टेक्स्ट' लिहा, दुसरं काही नाही.

दुसरा खड्डा, इन्सर्ट ऑर रिप्लेस. नावावरून वाटतं की असेल तर बदलतो. तसं नाही, जुनी ओळ काढून टाकतो आणि नवी घालतो. माझ्या टेबलात 'कोणी बदललं' असा तिसरा कॉलम होता, तो दर वेळी रिकामा व्हायचा. त्याऐवजी ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट वापरा. २०१८ च्या ३.२४ आवृत्तीपासून आहे.

तिसरा खड्डा संध्याकाळी लिहिते, उतरायचं आलं.

कुंदा_कमिटी | मंगळवार, सकाळी ९.४१

अक्का, तिसऱ्या खड्ड्याचं नाव हिंजवडी असणार.

हत्तरगी_नाका | मंगळवार, दुपारी १.१०

मी एक अनुभव सांगतो, वाचून शहाणे व्हा. एका गोडाऊनला दोन संगणक. एक पुढं काउंटरला, एक मागं वजनाला. मी हुशारी केली: डेटाबेस फाईल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकली, म्हणजे दोघांना एकच सेटिंग. वर कुठंतरी वाचलं होतं की वाल मोड (बदल आधी वेगळ्या फाईलीत लिहायची एसक्यूलाइटची पद्धत) लावला की वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. तोही लावला.

आठ दिवस सुखाचे गेले. मग एक दिवस पुढचा संगणक जुना दर दाखवूलालाय, मागचा नवा. मग 'डेटाबेस लॉक आहे'. मग फाईलच बिघडली. मालकानं चहासुद्धा विचारला नाही.

चिकोडी_चावडी | मंगळवार, दुपारी १.३५

नाका भाऊ, ते व्हायचंच होतं. वाल मोड २०१० च्या ३.७ आवृत्तीत आला आणि तो खरंच चांगला आहे, पण त्यात मुख्य फाईलीशेजारी आणखी दोन फाईली होतात, एकीच्या नावाला शेवटी डब्ल्यूएएल, दुसरीच्या एसएचएम. ती दुसरी म्हणजे सामायिक मेमरी. ती वापरणारे सगळे प्रोग्राम एकाच संगणकावर असले तरच चालतं. वाल नसला तरी नेटवर्क फोल्डरवरची कुलुपं भरवशाची नसतात. दोन संगणक आले की मध्ये छोटा सर्व्हर हवा.

त्याच दोन फाईलींवरून आणखी एक. प्रोग्राम चालू असताना फक्त मुख्य फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली, तर ताजे बदल डब्ल्यूएएल फाईलीतच मागं राहू शकतात. घरी जाऊन बघावं तर कालचा दर. बॅकअपला एसक्यूलाइटची 'व्हॅक्युम इन्टू' ही आज्ञा वापरा किंवा बॅकअपची जी सोय आहे ती. पायथनमध्ये कनेक्शनवरच 'बॅकअप' आहे.

उद्यमबाग_लेथ | मंगळवार, दुपारी २.०५

वाचतोय मी. वीस ओळी ठेवायला आतापर्यंत वाल, एसएचएम, यूजर व्हर्जन, ऑन कॉन्फ्लिक्ट आणि '००७' शिकावं लागलं. माझ्या फाईलीला नोटपॅड लागतं.

आणि मोठे लोक काय करतात तेही बघा. फायरफॉक्स तुमचे बुकमार्क आणि हिस्टरी एसक्यूलाइटमध्ये ठेवतो, पण आतल्या शेकडो सेटिंग? त्या प्रेफ्स डॉट जेएस या साध्या फाईलीत. अँड्रॉइडची सिस्टिम सेटिंग आधी एसक्यूलाइटमध्येच होती. ६.० मार्शमेलोमध्ये त्यांनी ती काढून एक्सएमएल फाईलींत नेली. उलट्या दिशेनं गेले की!

चिकोडी_चावडी | मंगळवार, दुपारी २.३०

लेथकाका, हा मुद्दा मानला. पण अँड्रॉइडमध्ये ती फाईल लिहिणारा एकच रखवालदार असतो, बाकी ॲप त्याला विचारतात. शिवाय तिथंही फाईल बिघडू नये म्हणून काळजी घेतलीय. जांबोटीकरांकडं रखवालदार कोण? सेक्रेटरी.

जांबोटीकर | मंगळवार, दुपारी २.४५

सेक्रेटरींना मध्ये आणू नका, ते माझे मामा लागतात.

निपाणी_ते_हिंजवडी | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

तिसरा खड्डा. हा आपल्याकडच्या लोकांसाठी खास आहे.

निपाणीत एका ओळखीच्या अडतीत माझं बिलिंग चालतं. मालकांनी कीबोर्ड मराठी ठेवलेला. हमालीचा दर टाकला '४.५', म्हणजे देवनागरी आकड्यांत. पडद्यावर हमाली बरोबर, महिन्याच्या रिपोर्टात हमाली शून्य. कारण ऐका. पायथनचं फ्लोट देवनागरी आकडे समजून घेतं, '४.५' चं नीट साडेचार करतं. पडद्यावरचा हिशेब पायथन करत होतं. रिपोर्ट मात्र एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) कास्ट करून, म्हणजे अक्षरांचा आकडा करून, काढला होता, आणि एसक्यूलाइटला फक्त इंग्रजी आकडे कळतात. त्याला '४.५' म्हणजे नुसती अक्षरं, किंमत शून्य. चूक दाखवत नाही, गप शून्य देतं.

म्हणून सेटिंग आत घेतानाच आकडे करून घ्या. पडद्यावर मराठी दाखवा, कन्नड दाखवा, पेटीत एकाच लिपीत.

तिसरं_गेट | मंगळवार, रात्री ८.०२

अक्का, आमच्या प्रोजेक्टमध्ये 'स्ट्रिंग'च लिहिलंय 😐 आत्ताच बदललं. स्ट्रिक्ट टेबल म्हणून काहीतरी वाचलं, त्यानं हे पकडलं असतं काय?

निपाणी_ते_हिंजवडी | मंगळवार, रात्री ८.१०

पकडलं असतं, स्ट्रिक्टमध्ये 'स्ट्रिंग' हा प्रकारच चालत नाही. पण ते २०२१ च्या ३.३७ पासून आहे. जांबोटीकरांच्या केंद्रांवर विंडोज ७ असेल तर तिथं पायथन ३.८ च्या पुढं जात नाही, आणि त्याच्यासोबत येणारं एसक्यूलाइट त्याआधीचं. आधी आवृत्ती बघा, मग हौस करा.

जांबोटीकर | मंगळवार, रात्री ८.१४

१४ पैकी ९ ठिकाणी विंडोज ७. तुम्हाला कसं कळलं?

गोकाक_करदंट | मंगळवार, रात्री ८.३०

डेअरी म्हणजे विंडोज ७ हे ठरलेलंच आहे. त्यावर हार घातलेला असतो.

मला एक विचारायचंय. तुमच्या सेटिंगमध्ये 'चिठ्ठीची भाषा' आहे म्हणालात. मराठी की कन्नड, मूळ किंमत काय ठेवलीय? नीट विचार करून उत्तर द्या, धाग्याचं मैदान होऊ शकतं 😄

कुंदा_कमिटी | मंगळवार, रात्री ८.३३

आला रे आला सीमाप्रश्न. मी पॉपकॉर्न म्हणून कुंदा घेऊन बसतो.

उद्यमबाग_लेथ | मंगळवार, रात्री ८.५०

भाषेचं सोडा, आम्हाला गावाच्या नावानं घाम फोडला होता. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. माझ्या प्रोग्राममध्ये बिलाच्या डोक्यावर 'बेळगाव' कोडमध्येच लिहिलेलं होतं, सेटिंगमध्ये नव्हतं. एका गिऱ्हाइकाला नवीन नाव पाहिजे, दुसऱ्याला अजिबात नको, तिसऱ्याला बिलावर एक आणि लेटरहेडवर दुसरं. सगळ्यांना वेगळी एक्झी, म्हणजे वेगळा प्रोग्रामच, बांधून दिली. त्या महिन्यात मला कळलं सेटिंग कशाला म्हणतात ते.

जांबोटीकर | मंगळवार, रात्री ९.१५

करदंट अण्णा, मैदान होणार नाही, कारण मूळ किंमतच नाही. झालं असं की एका गावात आधी केंद्राला एक भाषा ठेवली होती. पहिल्याच दिवशी एक मावशी चिठ्ठी परत घेऊन आल्या, "हे काय वाचू मी?" त्यांना कन्नड पाहिजे. त्यांच्या मागं उभारलेल्या आजोबांना मराठी. एकच गल्ली, एकच रांग. तेव्हापासून भाषा प्रत्येक उत्पादकाच्या नावापुढं आहे. कोड नंबर टाकला की त्याच्या भाषेत चिठ्ठी येते. फाईलीतली ती सेटिंग आता फक्त प्रोग्रामच्या मेनूसाठी उरलीय.

अथणीची_करकर | मंगळवार, रात्री १०.०५

मी इथं क्वचित लिहिते, पण आता राहवत नाही. जांबोटीकर, तुम्ही आत्ता स्वतःच उत्तर दिलंत आणि तुम्हाला पत्ता नाही. भाषा सेटिंग वाटत होती, ती निघाली उत्पादकाची माहिती. मग तुमची पहिली यादी परत वाचा. कॉम पोर्ट, बॉड रेट, प्रिंटर हे त्या टेबलावरच्या संगणकाचं आहे. केंद्राचा कोड आणि कमिशन हे संस्थेचं आहे. आणि दरपत्रक? ते सेटिंग आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?

माझ्या वडिलांच्या गावच्या डेअरीत दहा दिवसांचं बिल निघतं. पाच तारखेला दर वाढला. प्रोग्राममध्ये दर एकाच जागी, जुन्यावर नवा लिहिला गेला. महिन्याभरानं एकानं मागच्या बिलाची दुसरी प्रत मागितली, प्रोग्रामनं नव्या दरानं गणित करून दिली. आकडा वाढलेला. दुसऱ्या दिवशी अर्धा गाव दुसरी प्रत मागायला. सेक्रेटरींना देवळात बसून शपथ घ्यायची वेळ आली.

दर कधीपासून लागू, गाईचा की म्हशीचा, किती फॅट-एसएनएफला किती, अशा ओळी दुधाच्या डेटाबेसातच पाहिजेत. जुनी ओळ कधी खोडायची नाही, नवी तारीख घालून खाली लिहायची. त्या दिवशी तुमची जेसन फाईल मेली तेव्हा दरपत्रकाचा जुना इतिहासही गेला ना?

जांबोटीकर | मंगळवार, रात्री १०.२०

इतिहास नव्हताच. फक्त शेवटचा दर होता. आता पोटात गोळा आलाय.

चिकोडी_चावडी | मंगळवार, रात्री १०.३२

करकरताईंनी आम्हा दोघांचं भांडणच मोडलं. मी आणि लेथकाका पेटी लाकडाची की पत्र्याची यावर भांडूलालतो, आत काय आहे ते कोणी बघितलंच नाही.

त्यातून आणखी एक निघतं. संगणकाची सेटिंग दुधाच्या फाईलीत घातली, तर नव्या संगणकावर जुना बॅकअप टाकला की जुन्या संगणकाचा कॉम पोर्टही सोबत येणार. काटा परत गायब. ती वेगळीच पाहिजे.

उद्यमबाग_लेथ | मंगळवार, रात्री १०.४०

म्हणजे कॉम पोर्ट साध्या फाईलीत. मी जिंकलो 😌

चिकोडी_चावडी | मंगळवार, रात्री १०.४१

आणि दर, कमिशन, कोड एसक्यूलाइटमध्ये. मी जिंकलो.

कॅम्पातले_काका | मंगळवार, रात्री १०.५५

दोघांनी मिळून कुंदा पाठवा. आणि जांबोटीकरा, ती साधी फाईल प्रोग्राम फाईल्सच्या फोल्डरमध्ये ठेवली असशील तर काढ तिथनं. साध्या यूजरला तिथं लिहायची परवानगी नसते. विंडोज कधी कधी गुपचूप दुसऱ्याच जागी लिहितं, आणि तू भलतीच फाईल उघडून बघत बसतोस. प्रोग्रामडेटाखाली स्वतःचा फोल्डर कर, आणि इन्स्टॉल करतानाच सगळ्या यूजरना त्यात लिहायची परवानगी दे.

हत्तरगी_नाका | बुधवार, सकाळी १०.१२

एसएमएसवाल्याचा पासवर्ड पण सेटिंगमध्येच असेल ना? तो कुठं?

निपाणी_ते_हिंजवडी | बुधवार, दुपारी १२.४०

उघडा कुठंच नको. जेसनमध्ये नोटपॅडनं वाचता येतो आणि एसक्यूलाइटची फाईलही मुळात कुलूपबंद नसते, एसक्यूलाइट बघायच्या फुकट मिळणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं उघडते. विंडोजची स्वतःची क्रेडेन्शियल ठेवायची जागा आहे, तिथं ठेवा.

तिसरं_गेट | बुधवार, रात्री ९.००

आमच्या प्रोजेक्टमध्ये खिडकीची जागा लक्षात ठेवायची म्हणून माऊस हलला की प्रत्येक वेळी डेटाबेसात लिहूलालतो. खिडकी ओढली की प्रोग्राम अडकतो. एसक्यूलाइट एवढं हळू आहे काय?

चिकोडी_चावडी | बुधवार, रात्री ९.१२

बाळा, प्रत्येक कमिट (बदल पक्का करणं) म्हणजे डिस्कपर्यंत खरंच पोचलं याची खात्री करून परत येणं. जुन्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम काही डझन होतात. खिडकी बंद होताना एकदाच लिही.

जांबोटीकर | अडीच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.३०

केलेलं सांगतो. दरपत्रक लागू तारखेसह दुधाच्या डेटाबेसात गेलं. जुने दर सेक्रेटरींच्या वहीतून उतरवून घातले, वही खरंच कामाला आली. कमिशन आणि कोड त्याच फाईलीत दोन कॉलमच्या टेबलात, किंमतीचा प्रकार 'टेक्स्ट', आकडे आत जातानाच बदलून. कॉम पोर्ट, बॉड रेट, प्रिंटर वेगळ्या छोट्या फाईलीत, लेथकाकांच्या चार ओळींसह. फाईल नसली किंवा फुटली तर प्रोग्राम उघडतो आणि "काटा कुठला?" विचारतो. मुद्दाम लिहिता लिहिता मेन स्विच ओढून बघितला, तीस वेळा. एकदाही काही गेलं नाही. घरच्यांनी विचारलं, काय झालंय तुला?

आणि काल पहाटे साडेपाचला परत फोन. "काटा दिसंना वो."

कुंदा_कमिटी | शनिवार, रात्री ८.३४

😂 बॅटरी?

जांबोटीकर | शनिवार, रात्री ८.४५

लाईट होती. झाडू मारताना कोणीतरी काट्याची यूएसबी वायर काढली आणि शेजारच्या खाचेत घातली. विंडोजनं कॉम ३ चं कॉम ७ केलं. सेटिंग जागेवर आहे, शाबूत आहे, आणि चूक आहे. काटा आणि फॅट मशीन दोन्हीला सारखंच स्वस्तातलं कन्व्हर्टर. त्यांना वेगळा सिरीयल नंबर नाही, म्हणून प्रोग्रामला कोण कुठलं ते ओळखता येईना.

अथणीची_करकर | शनिवार, रात्री ९.०२

दोन्ही पोर्ट उघडून थोडा वेळ ऐका. काटा न विचारता सारखं वजन पाठवत असेल, तर कोण बोलतंय त्यावरून ओळखता येईल. पोर्टचा नंबर साठवायचीच गरज नाही.

जांबोटीकर | शनिवार, रात्री ९.१०

काटा बडबडतो, फॅट मशीन नमुना घातल्याशिवाय बोलत नाही. जमेल हे. उद्या लिहितो. तोवर मामींकडनं नेलपॉलिश घेऊन आलोय. काट्याच्या खाचेला आणि वायरीला लाल, फॅट मशीनला गुलाबी.

गोकाक_करदंट | शनिवार, रात्री ९.१५

लाल आणि गुलाबी? पहाटे साडेपाचला, चाळीसच्या बल्बात?

जांबोटीकर | शनिवार, रात्री ९.१७

थांबा, मामींना विचारतो निळी आहे काय.